फरारी नंबर एकतीस

बापूराव ढोमणे काही कामानं कुणाच्याही घरी गेले की दारात चपला काढत आणि त्या हातात घेऊन आत येत. बसताना मांडीखाली सरकवत. "बाहेर ठेवल्या तं जबाबदारी कोणाची?" असं वर आम्हालाच विचारत. आता त्या चपलांचं वर्णन काय करू? एखाद्या कुत्र्यानं त्या उचलल्या असत्या, तर त्यानंच लाजून परत आणून ठेवल्या असत्या. पण हे बापूरावांना कोण सांगणार!

चपलांची व्यवस्था लागली की त्यांची नजर ओसरीभर फिरे. खुंटीवरचा माझा कोट, कोनाड्यातला कंदील, दाराआडची केरसुणी, सगळ्यांची हजेरी घेतली जाई. मग पहिला प्रश्न, "घरात सध्या कोण कोण हाये?" मी सांगायचो, मी आणि इंदू, नवराबायको, दुसरं कोण असणार? "असं तुमचं म्हणणं हाये," बापूराव म्हणायचे. हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. आज ऊन फार आहे म्हटलं, तरी "असं तुमचं म्हणणं हाये." कपाळावरचा घाम पुसत पुसत म्हणायचे.

चहा आला की ते आपला कप माझ्यापुढे सरकवत आणि माझा स्वतः घेत. कारण विचारलं तर "काई नाई, सवय हाये." एकदा इंदूनं चिडून त्यांच्या कपात साखरच घातली नाही. त्यांनी नेहमीप्रमाणे कप बदलले आणि तो फिका चहा मला प्यावा लागला. तेव्हापासून बापूरावांना धडा शिकवायचा नाही, असं आमच्या घरात ठरलं.

मी आर्वीच्या शाळेत गणित शिकवत होतो. पुराव्याशिवाय मी दोन कोनसुद्धा सारखे मानत नाही. त्यामुळे कुणी पुरावा मागितला तर मला राग येत नाही. पण बापूराव पुरावा मागतच नसत. ते नुसते संशय घेत, आणि तो घेतलेला संशय परत देत नसत. आमच्या समोरच राहायचे, म्हणजे त्यांच्या संशयाला रस्ता ओलांडण्याचेही कष्ट फारसे नव्हते.

तीसेक वर्षं ते कोर्टात पेशकार होते. साहेबाच्या खुर्चीशेजारी बसायचं, मुकदम्यांचे कागद पुढे सरकवायचे आणि पक्षकारांना पुढची पेशी, म्हणजे पुढची तारीख द्यायची, हे त्यांचं काम. इतकी वर्षं खोट्या जबान्या ऐकून ऐकून माणसाच्या तोंडून खरं बाहेर पडतं यावरचा त्यांचा विश्वासच उडाला होता. पेन्शन झाली, कोर्ट सुटलं, पेशकारी काही सुटली नाही. बायको फार पूर्वी गेलेली. एकुलती मुलगी जबलपूरला दिलेली. छप्पन साली राज्यांची नवी वाटणी झाली तेव्हा आमचा जिल्हा मुंबई राज्यात आला आणि जबलपूर मध्य प्रदेशात राहिलं. बापूरावांच्या दृष्टीनं ही चोरीच होती.

"एवढी मोठी नागपूरची राजधानी उचलून मुंबईले नेली," ते तावातावानं म्हणायचे. "पंचनामा झाला? कोणाची जबानी झाली? अन् माही पोरगी! म्या तिले आपल्याच राज्यात देल्ली होती. आता ते दुसऱ्या राज्यात राह्यते. मले विचारलं कोणी?"

आम्ही हसायचो. बापूराव हसत नसत.

पण मला सांगायची आहे ती त्यांच्या कार्डांची गोष्ट. लढाईच्या आधी 'बगळाछाप' नावाच्या सिगारेटी मिळायच्या. पाकिटात एक जाड कागदाचं कार्ड निघे. त्यावर क्रिकेट खेळणाऱ्या एकेका माणसाचं रंगीत चित्र, कधी गोरा, कधी देशी, आणि पाठीमागे नंबर. असे पन्नास नंबर जमले की संच पुरा. पुढे लढाईत कागदाची टंचाई झाली, कार्डं बंद पडली, मग सिगारेटही बंद पडली. आख्ख्या आर्वीत असा पुरा संच एकाच माणसाकडे होता, आणि त्या माणसानं आयुष्यात कधी सिगारेट ओढली नव्हती की क्रिकेटचा एक चेंडू पाहिला नव्हता.

मग जमवला कसा? वकिलांच्या जोरावर. मधल्या सुट्टीत बापूराव वकिलांच्या खोलीच्या दारात उभे राहायचे आणि कोणाचं पाकीट संपत आलंय यावर डोळा ठेवायचे. "वकीलसाहेब, एकच राह्यली हाये. ओढून टाका ना." एका वकिलाला खोकल्यामुळे डॉक्टरनं सिगारेट बंद करायला सांगितली, तर बापूरावांना त्या डॉक्टरचाच संशय आला. "याच्यामागं कोणाचा तरी हात हाये," असं ते बरेच दिवस म्हणत होते.

बरं, क्रिकेट न पाहिलेल्या माणसाला त्या कार्डांत काय दिसत असेल? तर आरोपी. एकदा कधी नव्हे ते प्रसन्न होऊन त्यांनी मला चारदोन कार्डं दाखवली, लांबून, हात न लावू देता.

"हा पाहा, सतरा नंबर. हात मागं काऊन लपवला? त्याच्यात काय हाये?"

"चेंडू आहे हो. तो चेंडू टाकणारा आहे."

"असं तुमचं म्हणणं हाये. अन् हा बावीस नंबर. हासून राह्यला पाहा. कारण नसताना हासणाऱ्या माणसाले म्या कधी जमानत भेटलेली पाह्यली नाई. अन् हा एकतीस नंबर. हा साऱ्यात बदमाश."

एकतीस नंबर विकेटकीपर होता. डोक्यावर टोपी, पायांना पॅड, हातांत मोठाले मोजे, गुडघ्यांत वाकून समोर टक लावून बसलेला.

"मोजे कायले घातले, सांगा बरं?"

"चेंडू हाताला लागू नये म्हणून."

"चूक. बोटाचे ठसे नाई उमटले पायजे म्हून."

पण खरं सांगतो, त्या पन्नास बदमाशांवर त्यांचा जीव होता. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, मलमलीच्या फडक्यात, कडुनिंबाचा पाला घालून ते ठेवलेले असत. स्वतः बापूराव फाटक्या सतरंजीवर झोपायचे, पण आरोपींना मलमल.

दर वैशाखात या कार्डांना ऊन दाखवायचं असे, कसर लागू नये म्हणून. अंगणात बाज टाकायची, बाजेवर धुतलेलं धोतर, धोतरावर कार्डं नंबरवार मांडायची, आणि शेजारी काठी घेऊन बापूराव बसायचे. त्याच दिवसांत गल्लीतल्या बायका पापड, कुरड्या, सरगुंडे वाळत घालत. बायका कावळ्यांना हाकलायच्या, बापूराव माणसांना.

राजधानी गेली त्याच्या पुढच्याच वैशाखात, भर दुपारी, आमच्या गल्लीत वावटळ शिरली. पापड उडाले, कुरड्या उडाल्या, कोणाचं तरी लुगडं उडालं, आणि बगळाछाप क्रिकेटवाले उडाले. बापूरावांनी अशी काही बोंब ठोकली की घराला आग लागली असं वाटून मी उघडाबंब धावलो. शेजारचे कंपाउंडर धावले. इंदू पापड तसेच टाकून धावली. कौलांवरून, मोरीतून, कंपाउंडरच्या म्हशीच्या गव्हाणीतून आम्ही कार्डं गोळा केली. एक तर मी उडता उडता धोतराच्या ओच्यात झेललं. बापूरावांनी तिथल्या तिथं मोजणी केली. एकतीस नंबर नव्हता.

"फरारी झाला," ते म्हणाले, आणि आमच्याकडे वळून ओरडले, "कोणी जागेवरून हालाचं नाई!"

सभ्य माणूस असता तर धावून आलेल्यांना दोन शब्द बरे बोलला असता. बापूरावांनी आमची झडती घेतली. माझ्या अंगावर धोतराशिवाय काही नाही हे साऱ्या गल्लीला दिसत होतं, तरी माझा ओचा झटकून पाहिला. जे मदतीला आले ते आरोपी, कारण कार्डांना त्यांचे हात लागले. जे आले नाहीत तेही आरोपी. "काऊन नाई आले? घरात बसून काय करून राह्यले होते?"

आणि मग पेश्या सुरू झाल्या. कंपाउंडरला सोमवार. कोपऱ्यावरच्या शिंप्याला शनिवार. मला बुधवार. बुधवारी संध्याकाळी शाळेतून येऊन मी टोपी काढतो न काढतो तोच बापूराव हातात चपला घेऊन हजर.

"वावटळीच्या दिवशी तुमी कुठं होते?"

"तुमच्याच अंगणात."

"तिथं कायले गेलते?"

"तुम्ही बोंब मारलीत म्हणून!"

"असं तुमचं म्हणणं हाये."

मग चहा. इंदूनं पोहे केले असले तर पोहे, आणि पोह्यांतला प्रत्येक शेंगदाणा बाजूला घेऊन त्याची उलटतपासणी. मग घरातल्या एखाद्या कोपऱ्याची झडती. या बुधवारी पुस्तकांची फळी, पुढच्या बुधवारी लोणच्याच्या बरण्या. निघताना उंबऱ्यात उभं राहून ते म्हणायचे, "आज साहेबाले वेळ नाई. पुढची पेशी बुधवारी." साहेब कोण, ते देवालाच ठाऊक.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर मी चालवून घेतलं असतं. पण संशय हा फार लागट रोग निघाला. कंपाउंडरांच्या बायकोनं इंदूला विहिरीवर हळूच विचारलं, "मास्तरांनी एक ओच्यात झेललं होतं म्हणे?" शिंप्यानं माझ्या नव्या सदऱ्याला खिसा एवढासा शिवला. मी विचारलं तर म्हणाला, "मास्तराले मोठा खिसा कायले लागते?" हेडमास्तरांनी मला आत बोलावून, दार लोटून, "ते कार्डाचं काय प्रकरण आहे हो?" असं विचारलं. एक दिवस घरी आलो तर इंदू माझ्या लग्नातल्या कोटाचे खिसे उलटे करत होती.

"काय चाललंय?"

"काही नाही. धुवायला टाकते आहे."

तो कोट लग्नापासून आजवर कधी पाण्यात गेला नव्हता. मी भडकलो. म्हणालो, तूही मला चोर समजतेस? "अगं बाई, चोर कशाला," ती म्हणाली, "पण तुम्ही विसरभोळे आहात. ठेवलं असेल कुठेतरी." आणि खोटं कशाला बोलू, मलाही आताशा कंपाउंडरचा संशय येऊ लागला होता. तो माणूस जरा नको तेवढा हसायचा.

दसरा गेला, दिवाळी गेली, संक्रांत झाली. बापूरावांच्या पेश्या थांबेनात. उलट दिवाळीपासून ते माझ्याही आधी येऊन ओसरीत बसायला लागले. शेवटी एके दिवशी मी वर्गात शिरलो तर फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'समजा, क्ष म्हणजे मास्तरांच्या खिशातलं कार्ड.' पोरं खाली माना घालून हसत होती. माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं इमानेइतबारे शिकवून गावात माझी हीच ओळख राहणार का? मी तिथंच ठरवलं की हे कार्ड पाताळातून उकरून काढीन, बापूरावांच्या तोंडावर फेकीन आणि या गल्लीत ताठ मानेनं फिरेन.

पाताळात जावं लागलं नाही. कारंज्याला जावं लागलं. माघात माझ्या साडूकडे बारसं होतं. परत येताना गावाबाहेर, जिथं अमरावतीकडे जाणारे ट्रक थांबतात, तिथंच आमच्या मोटारीचं टायर बसलं. तेवढ्यात दाढी करून घ्यावी म्हणून रस्त्यालगतच्या सलूनमध्ये शिरलो. तोंडाला साबण लागला, एक गाल झाला, आणि मी समोर पाहिलं. आरशाच्या चौकटीत एका कोपऱ्यात गणपती, दुसऱ्या कोपऱ्यात लक्ष्मी, आणि तिसऱ्या कोपऱ्यात मोजे घालून, गुडघ्यांत वाकून, टक लावून बसलेला तो! मी असा उसळलो की वस्तरा कानाला चाटून गेला.

"हा कोण आहे?" मी ओरडलो.

सलूनवाला घाबरला. "मले काय मालूम? माह्या बापाच्या टाइमापासून हाये तिथं."

"मला हा पाहिजे."

त्यानं वस्तरा खाली ठेवला आणि मला नीट निरखलं. आता त्यालाही संशय आला. "तुमचा कोण लागते हा?"

"माझा कोणी लागत नाही. याच्यापायी मी चोर ठरलोय!"

"मंग तं नाईच देत," तो म्हणाला. "चोरीचा मामला दिसते."

मी त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. वावटळ, बाज, म्हशीची गव्हाण, सगळं. जसजसा सांगत गेलो तसतसा त्याचा संशय वाढत गेला. माझी मलाच ती हकीकत खोटी वाटायला लागली. शेवटी त्याचं लक्ष माझ्या छत्रीवर गेलं. नवीन होती, नागपूरहून मुद्दाम आणलेली. छत्री त्याला दिली, कार्ड मी घेतलं. तर हा पठ्ठ्या म्हणतो, "एवढी चांगली छत्री देऊन राह्यले, म्हणजे फोटूत काहीतरी हाये. आणा इकडं!" मी एका गालाची दाढी तशीच घेऊन मोटारीकडे पळत सुटलो.

घरी आलो, बॅग ओसरीत टाकली आणि तसाच समोर निघालो. "अहो, आधी तोंड तरी धुवा," इंदू मागून ओरडत होती. मी थांबलो नाही.

बापूराव बाजेवर बसून सुपारी कातरत होते. मी कार्ड त्यांच्या नाकापुढे धरलं. "हा घ्या तुमचा फरारी. कारंज्यात पकडला."

मला वाटलं होतं, म्हातारा आनंदानं रडेल. निदान इतक्या महिन्यांनी मला 'बसा' तरी म्हणेल. बापूरावांचा चेहराच उतरला. अडकित्ता अर्ध्यावर तसाच राहिला.

"कुठून आणला?"

मी सांगितलं. त्यांनी कार्ड घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं, हुंगलं. "हा तो नाई," ते म्हणाले.

"मागे नंबर बघा. एकतीस आहे."

"नंबर कोणी बी छापू शकते. माह्या एकतीस नंबराचा भांग डाव्या बाजूनं होता."

"त्यानं टोपी घातलीय, बापूराव! भांग दिसतोय कुठे?"

"तेच तं म्हणून राह्यलो. टोपी काऊन घातली?"

आता मात्र माझा तोल गेला. "डबा काढा," मी म्हणालो. "माझ्यासमोर याला तिसाच्या आणि बत्तिसाच्या मध्ये ठेवा, आणि माझं नाव आरोपींतून काढून टाका. आत्ताच्या आत्ता!"

"डब्याले हात लावाचा नाई. साहेबाच्या हुकुमाबिगर—"

"गेला खड्ड्यात तुमचा साहेब!"

डबा उशाशीच होता. मी उचलला. ते झटकन उठले आणि त्यांनी माझं मनगट धरलं. "मास्तर, नोका उघडू," ते म्हणाले. आवाज पेशकाराचा नव्हता, पण त्या संतापात मला कसला आवाज ओळखू येतो! मी झाकण काढलं, फडकं सोडलं, कडुनिंबाचा पाला बाजूला केला. एकोणतीस. तीस. आणि तिसाच्या खाली, मोजे घालून, गुडघ्यांत वाकून, एकतीस.

मी एकदा डब्यातल्याकडे पाहिलं, एकदा बापूरावांच्या हातातल्याकडे. दोघंही माझ्याकडे टक लावून बसले होते.

"हा कधी सापडला?" मी विचारलं.

बापूराव बाजेवर बसले. "दसऱ्याच्या आगेमागे. ढेकणं झाले म्हून बाज आपटली अंगणात, तं सुंभातून खाली पडला. मी त्याले गावभर धुंडून राह्यलो, अन् हा माह्याच पाठीखाली झोपेल होता."

"दसऱ्याला! आणि आता माघ चालू आहे! म्हणजे इतके दिवस तुम्ही आमच्या घरी येऊन... अहो, मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तं तुमी सुटले असते."

"मग सुटायला नको होतं का मी?"

ते अडकित्त्यात अडकलेलं सुपारीचं खांड नखानं काढत बसले. मी उभा होतो. मग खाली मान घालूनच ते म्हणाले, "मंग मी कोणाच्या घरी जाऊ, मास्तर?"

हातातला डबा घेऊन मी बाजेच्या कडेला टेकलो.

"कोर्टात होतो तं सारे 'पेशकारसाहेब, पेशकारसाहेब' करत मागंपुढं फिरत. निकाल लागला का एक बी ओळख दाखवे नाई. जितला तो बी नाई, हारला तो बी नाई. बाजारात समोरून आला तं रस्ता बदलून जाये. निकाल लागल्यावर माणूस येत नाई मास्तर, हे म्या जिंदगीभर पाह्यलं." त्यांनी उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळलं. "अन् तुमच्या घरी असंच, बिनकामाचा, कसा येऊ? तुमी म्हणान, हा काऊन आला? याचा काय डाव हाये?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. हा माणूस इंदूच्या हातचे पोहे खायला, माझ्याशी तासभर हुज्जत घालायला येत होता, आणि तेवढ्यासाठी त्याला मला चोर ठरवावं लागत होतं. कोणी कोणाकडे नुसतं बसायला येऊ शकतं, यावर त्याचा विश्वासच नव्हता. स्वतःच्या बाबतीतसुद्धा नव्हता. 'अहो, या की कधीही, घर तुमचंच आहे,' असं अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यावर ते काय म्हणणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी डब्याचं झाकण लावलं आणि तो होता तिथं ठेवला. त्यांच्या हातातलं कारंज्याचं कार्ड काढून घेतलं आणि त्या एवढ्याशा खिशात कसंबसं कोंबलं.

"बापूराव, तुमचा फरारी सापडला, ते तुमचं तुम्ही पाहा. मी कोणाला सांगणार नाही. पण हा दुसरा एकतीस नंबर आता माझ्या घरी राहील. कुठे लपवणार ते विचारू नका. हिंमत असेल तर येऊन झडती घ्या."

त्यांनी वर पाहिलं. उपरण्यानं तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ पुसलं. मग घसा खाकरून म्हणाले, "हे तं गुन्ह्याची उघड उघड कबुली हाये."

"आहेच."

"बुधवारी हजर राहजा."

घरी येऊन इंदूला सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता पदराला डोळे पुसत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "ते सगळं खरं, पण छत्री कुठे आहे?" त्यावर आमचं थोडं वाजलं. मग दोघांनी मिळून कार्ड लपवायची जागा ठरवली. ती म्हणत होती मसाल्याच्या डब्यात, पण मी त्याला हळद लागू देईना. अखेर भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या पुठ्ठ्यात ते खोचून ठेवलं.

बुधवारी बापूराव आले. जबानी झाली. चहाचे कप बदलून झाले. मग ते झडतीला उठले. आधी माझी पेटी पाहिली, मग जात्याखाली वाकून पाहिलं, मग देव्हाऱ्यापुढे हात जोडून देवांच्या मागे पाहिलं. दमले तसे कॅलेंडरपाशी उभे राहिले. "पुढचा बुधवार किती तारखेले येते, पाहू," म्हणत त्यांनी कॅलेंडर हातात धरून उजेडाकडे वळवलं, आणि पुठ्ठ्यातलं कार्ड सरकून अर्धं बाहेर आलं. मोजे घातलेले दोन्ही हात मला ओसरीतून स्वच्छ दिसत होते. इंदू स्वयंपाकघराच्या दारात थबकली. मी डोळेच मिटून घेतले. झालं, म्हटलं, लागला निकाल.

डोळे उघडले तेव्हा बापूराव एका बोटानं ते कार्ड हळूच वर सरकवत होते. ते नीट आत बसवलं, कॅलेंडर भिंतीला लावलं आणि वरून दोनदा तळहात फिरवला.

"इथं काई नाई," ते म्हणाले. "पुढच्या बुधवारी तांदळाची कोठी पाहू. वहिनी, आज पोहे नाई केले का?"